जालना जिल्ह्यातील बियाणे व पोलाद उद्योगांमधील बहुपुरवठादार पद्धती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

'जालना, सोने का पालना' या लोकोक्तीतून जालना शहराची जुनी व्यापारी ख्याती आजही ऐकावयास मिळते. निजामाच्या राजवटीत धान्य, कापूस व तेलबिया यांची पेठ म्हणून प्रसिद्ध असलेले हे शहर १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्यालय झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे दोन परस्परभिन्न उद्योगांनी मूळ धरले. त्यांपैकी एक संकरित बियाण्यांचा, तर दुसरा पोलादी सळयांचा होय. पहिल्याचा माल शेतात पिकतो. दुसऱ्याचा माल मोडलेली जहाजे, जुनी यंत्रे आणि दूरच्या खाणींतील लोहखनिज यांपासून येतो. वरकरणी या दोहोंत कोणतेही साम्य दिसत नाही. तथापि, एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे या दोन्ही उद्योगांना कधीच परवडले नाही, हे त्यांच्या वाटचालीतील समान सूत्र आहे.

पुरवठादार अनेक असले म्हणजे उत्पादनाची साखळी बळकट होते, हा विचार व्यवस्थापनशास्त्रात सर्वमान्य आहे. जालन्याच्या औद्योगिक इतिहासाच्या आधारे या विचाराची तपासणी केल्यास तो खरा, परंतु अपुरा असल्याचे दिसून येते. ही अपूर्णता कोठे आहे आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जालना जिल्ह्यातील बियाणे व पोलाद उद्योगांत बहुपुरवठादार पद्धती कशी विकसित झाली, याचा आढावा घेणे.
२) पुरवठादारांची संख्या आणि पुरवठ्याचे मूळ उगम यांतील भेद ऐतिहासिक उदाहरणांवरून स्पष्ट करणे.
३) या पद्धतीत जोखमीची विभागणी कशी होते, याचे विवेचन करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. पुरवठादारांची संख्या वाढली तरी मूळ उगम एकच राहिल्यास साखळीचा धोका टळत नाही, तो केवळ दृष्टीआड होतो, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे.

बहुपुरवठादार पद्धती : संकल्पना

एखादा सुटा भाग वा कच्चा माल एकापेक्षा अधिक स्वतंत्र पुरवठादारांकडून घेणे, म्हणजे बहुपुरवठादार पद्धती होय. एकाच पुरवठादाराकडून माल घेतल्यास दर्जा एकसारखा राहतो, व्यवहार सुटसुटीत होतो व दरातही सवलत मिळते. मात्र तो पुरवठादार अडचणीत आला की संपूर्ण उत्पादन ठप्प होते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटा मोटारींच्या ब्रेकमधील एक लहानसा झडप-भाग जवळजवळ संपूर्णपणे याच कारखान्यातून येत असे. परिणामी टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस थांबले. अन्य अनेक लहानमोठ्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर तो भाग तातडीने घडवून दिला, तेव्हाच उत्पादन पूर्ववत झाले. या घटनेनंतर एकल पुरवठ्याच्या धोक्याची चर्चा जगभर झाली.

जालनेकरांना हे तत्त्व पाण्याच्या अनुभवावरून अधिक सहज उमगते. निजामकाळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयावर शहराची तहान दीर्घकाळ भागत होती. स्थानिक पाऊस हुकला की जलाशय आटत असे. जायकवाडीचे पाणी शहरास मिळू लागल्यावर खऱ्या अर्थाने दुसरा उगम उपलब्ध झाला. कारण जायकवाडी भरते ते प्रामुख्याने नाशिक-नगर भागातील पावसाने. शहरात नव्याने दहा विहिरी खोदल्या असत्या तरी त्यांचे पाणी त्याच स्थानिक पावसाचे असते. विहिरींची संख्या आणि पाण्याचे उगम यांतील हा भेद पुढील विवेचनाचा पाया आहे.

जालन्यातील बीजोद्योगाचा उदय

भारतात संकरित बियाण्यांच्या युगाचा प्रारंभ मक्यापासून झाला. १९५७ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्पातून १९६१ मध्ये पहिली संकरित वाणे प्रसारित झाली. १९६३ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ मध्ये ज्वारीचे 'सीएसएच-१' हे पहिले संकरित वाण आले. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, अर्थात 'महिको', स्थापन केली. तत्पूर्वी भेंडीच्या 'पुसा सावनी' या सुधारित वाणाच्या बीजोत्पादनातून त्यांनी या व्यवसायाचा अनुभव घेतला होता. बीजोद्योगातील कार्याबद्दल त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला.

संकरित बियाणे कारखान्याच्या चार भिंतींत तयार होत नाही. मादी व नर वाणांच्या ओळी ठराविक प्रमाणात पेराव्या लागतात. ज्वारी-बाजरीत साधारणतः मादीच्या चार ओळींमागे नराच्या दोन ओळी असतात. शेजारच्या शेतातील परागकण येऊन भेसळ होऊ नये म्हणून या पिकांत सुमारे २०० मीटरचे विलगीकरण अंतर राखावे लागते. फुलोऱ्यापूर्वीच भेसळीची झाडे उपटून टाकावी लागतात. एवढे क्षेत्र आणि एवढे मनुष्यबळ कोणत्याही कंपनीला स्वतःच्या शेतावर उभे करणे शक्य नव्हते. म्हणून कंपनीने पायाभूत बियाणे द्यावे, शेतकऱ्याने कंपनीच्या देखरेखीखाली बीजोत्पादन करावे आणि तयार माल ठरलेल्या दराने कंपनीस द्यावा, अशी करार पद्धती रूढ झाली. बीजोत्पादक शेतकरी हाच या उद्योगाचा पुरवठादार ठरला.

हे पुरवठादार एकाच परिसरात ठेवणे धोक्याचे होते. जालना हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याची खरीप व रब्बी अशी दोन्ही पिके हातची गेली. पीक काढणीस आले असता पाऊस झाला तर दाणा काळा पडून बियाणे नापास होते. यावर भारतीय बीजोद्योगाने शोधलेला उपाय भौगोलिक विखुरणीचा होता. ज्वारी-बाजरीच्या रब्बी बीजोत्पादनासाठी निजामाबाद परिसर, कापूस व भाजीपाल्याच्या बियाण्यांसाठी कर्नाटकातील राणेबेन्नूर, कापसासाठी आंध्रातील कर्नूल-नंद्याळ व उत्तर गुजरात, तर जालन्यालगत बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसर, अशी बीजोत्पादनाची क्षेत्रे उदयास आली. एका ठिकाणचा हंगाम बुडाला तरी दुसऱ्या ठिकाणचा माल हाती असावा, हा त्यामागील हेतू होता. १९७० मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हे व्यापारी लागवडीचे पहिले संकरित कापूस वाण दिल्यानंतर या विखुरणीस आणखी एक कारण मिळाले. कापसात प्रत्येक फुलातील पुंकेसर हाताने काढून परागीकरण करावे लागते; त्यामुळे जेथे कुशल मजूर उपलब्ध, तेथे बीजोत्पादन, असा क्रम पडला.

अशा रीतीने पाऊस, रोग व मजुरी या तिन्ही बाबतींतील जोखीम अनेक गावांत व अनेक राज्यांत विभागली गेली. बहुपुरवठादार पद्धतीचे हे यशस्वी उदाहरण होय. तथापि, ज्या काळात ही यंत्रणा आकार घेत होती, त्याच काळात तिच्या मुळाशी असलेली उणीवही उघड झाली.

बाजरीतील 'गोसावी' रोग : शेते अनेक, मादी वाण एक

१९६५ मध्ये लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठातून बाजरीचे 'एचबी-१' हे संकरित वाण प्रसारित झाले. त्यापाठोपाठ 'एचबी-२' ते 'एचबी-५' ही वाणे आली. प्रत्येक वाणाचा नर पालक वेगळा होता. मादी पालक मात्र सर्वांचा एकच होता. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे विकसित झालेले 'टिफ्ट २३-ए' हे ते नर वंध्य वाण होय. या संकरित वाणांचा प्रसार वेगाने झाला आणि १९७०-७१ मध्ये देशातील बाजरीचे उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर पोहोचले.

पुढच्याच वर्षी केवडा रोगाची साथ आली. या रोगात कणसाच्या जागी पानांचा जटेसारखा झुपका येतो, म्हणून मराठी शेतकरी त्यास 'गोसावी' म्हणतो. 'टिफ्ट २३-ए' या रोगास सहज बळी पडणारे असल्याने त्याच्यापासून झालेली सर्वच वाणे एकाच वेळी उघडी पडली आणि उत्पादनात मोठी घट झाली. बियाणे कोणत्या गावी पिकले, कोणत्या संस्थेने विकले वा पिशवीवर कोणता क्रमांक होता, यास काहीही महत्त्व उरले नाही. ज्या शेतकऱ्याने एका वाणावर भरवसा न ठेवता दोन-तीन वेगवेगळी संकरित वाणे पेरली, त्याने आपल्या परीने सावधगिरीच बाळगली होती. परंतु ही विविधता केवळ नावांची होती, हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

याच सुमारास, १९७० मध्ये, अमेरिकेत मक्यावर करप्याची साथ येऊन देशातील सुमारे १५ टक्के पीक नष्ट झाले. तेथेही बहुतांश संकरित मका 'टेक्सास' या एकाच प्रकारच्या नर वंध्य पेशीद्रव्यावर आधारलेला होता. शेकडो बियाणे कंपन्या असलेल्या प्रगत देशातही मुळाशी एकच आधार असल्याचे संकट आल्यावरच ध्यानी आले.

बाजरीच्या संकटानंतर 'टिफ्ट २३-ए' मध्ये सुधारणा करण्याचे, तसेच वेगळे मादी वाण शोधण्याचे प्रयत्न झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'बीके-५६०' व 'बीजे-१०४' ही वाणे लोकप्रिय झाली; परंतु या दोहोंची मादीही पुन्हा '५१४१-ए' ही एकच होती आणि कालांतराने तीही रोगास बळी पडली. १९७२ मध्ये पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने निरनिराळी पैतृक वाणे शासकीय संस्थांना व खाजगी कंपन्यांना उपलब्ध करून दिली. जालन्याच्या महिकोसह खाजगी कंपन्यांनीही बाजरीची स्वतःची संकरित वाणे बाजारात आणली. वेगवेगळ्या पालकांपासून झालेली अनेक वाणे एकाच वेळी शेतात असण्याची स्थिती त्यानंतर निर्माण झाली. पुढेही हा रोग अधूनमधून डोके वर काढत राहिला. तथापि, १९७० च्या दशकातील देशव्यापी साथीची पुनरावृत्ती झाली नाही. येथे उपाय ठरली ती उगमांची विविधता होय.

बीटी कापूस : पाकिटे शेकडो, उगम एक

तीन दशकांनंतर हाच धडा कापसाच्या बाबतीत पुन्हा गिरवावा लागला. २६ मार्च २००२ रोजी महिको-मोन्सँटो बायोटेक या संयुक्त कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारित 'मेक-१२', 'मेक-१६२' व 'मेक-१८४' या तीन बीटी कापूस वाणांना केंद्रीय समितीने मान्यता दिली. भारतात व्यापारी लागवडीस मान्यता मिळालेले हे पहिले जनुक-परिवर्तित पीक होय. पुढे ४० हून अधिक बियाणे कंपन्यांनी या तंत्रज्ञानाचा परवाना घेतला. दुकानाच्या फळीवर शेकडो नावांची पाकिटे दिसू लागली आणि दशकभरात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली आले. २००६ मध्ये अन्य संस्थांच्या काही जनुकांनाही मान्यता मिळाली. परंतु बाजारात वर्चस्व राहिले ते एकाच उगमाचे.

या एकाधिकाराचा पहिला परिणाम किमतीवर झाला. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची सुमारे १६०० रुपये ही किंमत आंध्र प्रदेश शासनाने आव्हान दिल्यानंतर २००६ मध्ये ७५० रुपयांवर आली. स्पर्धक विक्रेते अनेक असताना किंमत स्पर्धेने नव्हे, तर शासकीय हस्तक्षेपाने उतरली, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. मार्च २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने पहिल्या पिढीच्या बीटीस प्रतिकारक्षमता प्राप्त केल्याचे तंत्रज्ञानधारक कंपनीनेच जाहीर केले. पुढे दुसऱ्या पिढीच्या बीटीवरही ती मात करू लागली आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भातील कापसाचे प्रचंड नुकसान झाले. आश्रयात्मक ओळी न लावणे, कापसाचा हंगाम फरदडीसाठी लांबविणे, ही कारणेही त्यामागे होती. परंतु जालना जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याने चार कंपन्यांची चार पाकिटे पेरली असली, तरी अळीच्या दृष्टीने ते एकच पीक होते. बाजरीच्या काळी मादी वाणाने जे केले, तेच येथे जनुकाने केले.

पोलाद उद्योग : भंगाराच्या अनेक वाटा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील रोलिंग मिल व इन्डक्शन भट्ट्यांमुळे हे शहर राज्यात सळईचे प्रमुख केंद्र बनले. जिल्ह्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदर नाही. पोलाद उद्योगाच्या रूढ स्थाननिश्चिती सिद्धांतांत जालना बसत नाही. येथे उद्योग टिकला तो कच्च्या मालाच्या अनेक वाटा खुल्या ठेवल्यामुळे.

१९५६ पासून पोलादासाठी लागू असलेल्या वाहतूक भाडे समानीकरण धोरणामुळे खाणीपासूनचे अंतर काही अंशी निरर्थक झाले होते. परंतु किंमत व वाटप शासकीय नियंत्रणाखाली असल्याने माल मिळणे हेच लहान मिलपुढील आव्हान असे. त्यातच निजामकाळात, १९०० च्या सुमारास, टाकलेला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग मीटरगेज होता. मुंबईकडून वा मध्य भारताकडून रेल्वेने येणारा माल मनमाडला उतरवून पुन्हा भरावा लागे. म्हणजे उगम अनेक असले तरी लोहमार्गाने येणाऱ्या मालाची वाट एकाच अरुंद दारातून जात होती.

ही कोंडी तीन घटनांनी सुटली. १९८३ मध्ये गुजरातमधील अलंग येथे जहाजे मोडण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि मुंबईच्या दारुखान्यास पर्याय निर्माण झाला. जानेवारी १९९२ मध्ये पोलादाच्या किंमत व वाटपावरील नियंत्रण, तसेच भाडे समानीकरण संपुष्टात आले. १९९० च्या दशकातच जालन्याचा लोहमार्ग ब्रॉडगेज झाला. त्यानंतर मोडीत निघालेली जहाजे, कारखान्यांचे भंगार, न्हावाशेवा बंदरातून आयात होणारे भंगार आणि विदर्भ-छत्तीसगडमधील स्पंज आयर्न असे पर्याय खुले झाले. भट्टीत भंगार व स्पंज आयर्न यांचे प्रमाण दरानुसार कमीअधिक करता येते, हे इन्डक्शन भट्टीचे वैशिष्ट्य येथे कामी आले. आयात महाग झाली की पूर्वेकडचा माल, तो महागला की भंगार, अशी लवचिकता या उद्योगाने मिळविली. २०१५ मध्ये जालन्यात ड्रायपोर्टची पायाभरणी झाली आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्णतः खुला झाला. या प्रकल्पांकडेही वाटांची संख्या वाढविण्याच्या याच प्रक्रियेतील टप्पे म्हणून पाहता येते.

कच्च्या मालाच्या बाबतीत साधलेली ही विविधता विजेच्या बाबतीत मात्र साधली नाही. एक टन धातू वितळविण्यासाठी साधारणतः ६०० युनिट वीज लागते. भंगार कोठूनही आणता आले, तरी वीज प्रामुख्याने एकाच वितरण कंपनीच्या तारेतून येत राहिली. त्यामुळे शेजारच्या राज्यांतील स्वस्त वीजदर हा येथील उद्योजकांच्या चिंतेचा विषय राहिला आणि २०१६ मध्ये राज्य शासनाला मराठवाडा, विदर्भ व अन्य मागास भागांतील उद्योगांसाठी वीजदर सवलत द्यावी लागली.

जोखीम वाहतो कोण?

बहुपुरवठादार पद्धतीने साखळी सुरक्षित होते, असे म्हणताना ती कोणासाठी सुरक्षित होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कंपनीच्या दृष्टीने शंभर बीजोत्पादकांपैकी पाच जणांचे बियाणे नापास झाले तर तो गणितातील अपेक्षित तोटा आहे. त्या पाच कुटुंबांच्या दृष्टीने मात्र तो संपूर्ण हंगाम आहे. उगवणक्षमता व शुद्धतेची चाचणी काढणीनंतर होते. तोवर बीजोत्पादकाचा खर्च व श्रम दोन्ही लागून गेलेले असतात. पुरवठादार अनेक व विखुरलेले असल्याने त्यांची सौदाशक्ती कमी राहते. जोखीम विभागली जाते हे खरे, परंतु ती साखळीच्या तळाशी असणाऱ्यांकडे अधिक सरकते, हेही तितकेच खरे आहे.

मनुष्यबळ हादेखील एक पुरवठाच आहे, याचे दुःखद स्मरण ८ मे २०२० रोजी झाले. टाळेबंदीत काम व वाहतूक दोन्ही थांबल्याने जालन्याच्या पोलाद उद्योगात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर लोहमार्गाने पायी गावाकडे निघाले होते. करमाडजवळ रुळांवरच विसावलेल्या १६ जणांचा पहाटे मालगाडीखाली मृत्यू झाला. भट्टीला लागणाऱ्या भंगारासाठी पर्यायी वाटा आखल्या गेल्या होत्या. त्या भट्टीवर राबणाऱ्या माणसासाठी एकही आखलेली नव्हती. पुरवठा साखळीच्या अभ्यासात ही घटना नोंदविली जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्थानिक नैसर्गिक साधनसंपत्ती अपुरी असतानाही जालना जिल्ह्यातील बियाणे व पोलाद उद्योग वाढले, त्यामागे पुरवठादारांची व पुरवठा-मार्गांची विविधता हे महत्त्वाचे कारण आहे.

२) बाजरी व बीटी कापूस यांच्या इतिहासावरून असे स्पष्ट होते की, पुरवठादार, वाणे वा विक्रेते अनेक असले तरी मूळ उगम एकच असल्यास संकट सर्वांवर एकाच वेळी कोसळते. म्हणून पुरवठादारांच्या यादीची लांबी मोजण्याऐवजी ती यादी मागे किती स्वतंत्र उगमांपर्यंत जाते, हे तपासणे आवश्यक आहे.

३) एका घटकात साधलेली विविधता दुसऱ्या घटकातील परावलंबन झाकू शकते. पोलाद उद्योगात कच्चा माल व वीज यांतील तफावत याचे उदाहरण होय.

४) बियाण्याच्या पाकिटावर वाणाचे नाव असते, त्याचे पालक वा त्यातील जनुकाचा उगम सामान्य शेतकऱ्यास समजेल अशा रीतीने नमूद झाल्यास तो आपल्या शेतात खरीखुरी विविधता राखू शकेल.

५) बीजोत्पादक व स्थलांतरित मजूर यांच्यासाठी विमा, किमान हमी व संकटकाळातील व्यवस्था यांची तरतूद नसलेली साखळी वरून मजबूत दिसली तरी तिला मजबूत म्हणता येणार नाही.

साखळीचे बळ तिच्या कड्यांच्या संख्येत नसते. जालन्याच्या दोन्ही उद्योगांत प्रत्येक मोठ्या संकटाने तीच कडी दाखवून दिली, जिला पर्याय शोधण्याचा विचार तोवर कोणी केला नव्हता.